जोडीचा श्वास

प्रिय भोंग्या,

साठी उलटलेल्या बाईला या नावानं हाक मारू नये, हे मला कळतं. पण मोठ्या बाईंनी पहिल्याच तालमीत तुला भोंगा आणि मला शिट्टी करून टाकलं, त्याला आता पन्नास वर्षं झाली. तुझं खरं नाव पाकिटावर लिहिताना मला अजून क्षणभर थांबावं लागतं. तर भोंग्या, आपल्या गानवृंदाचा सुवर्णमहोत्सव एकदाचा पार पडला. परवा शेवटचा कार्यक्रम झाला. तू आली नाहीस. गुडघ्यांचं कारण मी ऐकून घेतलं आहे, माफ केलेलं नाही. पहिल्या तुकडीतल्या एका म्हातारीला तर तिच्या सुनेनं चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं, आणि ती मध्यंतरात दोन आइसक्रीम खाऊन गेली.

येत्या सोमवारी विश्वस्तांची बैठक आहे. पुढच्या हंगामात मुलींना मी शिकवणार की नाही, ते मला तिथं सांगायचं आहे. त्यांच्या लेखी हे विचारणं म्हणजे नुसता उपचार. बाई असणारच, बाई कुठं जातायत! परवापर्यंत मलाही तसंच वाटत होतं, किंवा मी तसं वाटून घेत होते. हा वृंद हातातून गेला तर माझ्याकडे उरतं काय, हे तुला सांगायला नको.

घरी कशी असतेस, असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. ठीक असते. ताई गेल्यापासून या दोन खोल्या मला पुरून उरतात. तालमीचे दिवस बरे जातात. बाकीच्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र, दुपारी न येणारी झोप आणि संध्याकाळी खिडकी. समोरच्या गच्चीच्या कठड्यावर पक्षी येऊन बसतात, चोची उघडतात, मिटतात, उडून जातात. मध्यंतरी एकदा शिट्टी वाजणारी किटली गॅसवर ठेवून पेपर वाचत बसले, तर पाणी आटून बूड करपलं. वास आला म्हणून शेजारीण धावत आली, म्हणून घर वाचलं. दाराची घंटाही बिघडली आहे म्हणून दोनदा वायरमन बोलावला. दोन्ही वेळा त्यानं बटण दाबून पाहिलं, माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं बघितलं आणि पैसे न घेता निघून गेला. असा सज्जन वायरमन मी जन्मात पाहिला नव्हता.

मुलींबद्दल लिहिते. यंदाच्या मुली फार गुणी आहेत. आपण मोठ्या बाईंची पाठ वळली की काय काय उद्योग करायचो, आठवतं ना? या मुली तशा नाहीत. मला काही सांगायचं झालं तर लांबून ओरडत नाहीत. समोर येऊन उभ्या राहतात, माझ्या तोंडाकडे बघतात आणि सावकाश, स्पष्ट बोलतात. मी पियानोवाल्यांना म्हटलंसुद्धा, की या पिढीला उगीच नावं ठेवतात लोक, बघा किती रीतभात आहे. ते नुसते खोकले. आणि हो, आपली करंगळीची पद्धत मी मोडलेली नाही. लांब सूर आला की आजही जोडीजोडीनंच श्वास चोरायचा. एकीनं करंगळी दाबली की तिचा श्वास होईपर्यंत दुसरीनं सूर धरून ठेवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं, या पोरींना श्वास लागतच नाही. मी किती आगाऊ होते गं! दर दोन क्षणांनी तुझी करंगळी दाबायची आणि तू बिचारी लालबुंद होईस्तोवर एकटी सूर ओढत राहायचीस. एकदाही तक्रार केली नाहीस. नंतर अंगणात माझी वेणी ओढलीस, ते सोडून.

शेवटच्या कार्यक्रमाला पाहुणी म्हणून जॅझ गाणारी बाई बोलवायची, ही कल्पना विश्वस्तांची. मी नाक मुरडलं होतं. आपल्या मुली कागदावर लिहिलंय तेच गाणाऱ्या, आणि ही बाई एकच गाणं दोनदा सारखं गात नाही! आली तीसुद्धा तालीम अर्धी झाल्यावर, सर्दीनं नाक लाल, एकच बॅग खांद्याला. आल्या आल्या बूट काढून कोपऱ्यात फेकले आणि मुलींना म्हणाली, पुढचा सूर कोणता ते मला विचारू नका, मलाच ठाऊक नसतं. मुली खूश! मग तिनं गायला सुरुवात केली. भोंग्या, खालचा, जाड, भरलेला आवाज, पार तुझ्या जातीचा. तो माझ्या कानात अख्खा शिरला. कडा, मध्य, श्वास, सगळं. किती दिवसांनी एखादा आवाज असा पुरता माझ्यापाशी आला होता! मी हात खाली सोडून ऐकतच राहिले. ताल देणं माझं काम होतं, तेही विसरले. त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यानं गुणगुणत होते.

आता तुझ्यापासून काय लपवायचं? कळलं असेलच तुला. पक्षी गप्प झालेले नाहीत आणि घंटाही धडधाकट आहे. माझे कान चालले आहेत, तेही वरच्या बाजूनं. आधी बारीक, उंच आवाज गेले आणि आता त्यांच्यामागोमाग मुलींची वरच्या पट्टीत गाणारी ओळ निघाली आहे. शिट्टीच्या नशिबी हेच यावं! डॉक्टर म्हणाले, यंत्र लावा, बोलणं पुष्कळ समजेल. गाण्याचं काय, विचारलं तर बिचारे चष्मा पुसायला लागले. लावून पाहिलं मी. पत्र्याच्या डब्यात पोरी कोंडल्यासारख्या वाटल्या. काढून कपाटात ठेवलं. मग मी गेलं वर्षभर तालमी कशा घेतल्या? पियानोवाल्यांच्या चेहऱ्यावर. त्यांना स्वतःला पत्ता नाही, पण मुलींचा सूर उतरला की त्यांची डावी भुवई वर जाते आणि चढला की ओठ मुडपतात. मी तिरक्या नजरेनं भुवई बघायची आणि मुलींना हातानं सूर उचलायची खूण करायची. लोक म्हणायचे, बाईंचे कान काय तीक्ष्ण आहेत!

आणि या पाहुणीनं रंगीत तालमीत पियानो फिरवायला लावला. पुढं काय गाणार हे तिचं तिला ठाऊक नसतं, तेव्हा वाजवणाऱ्याचा चेहरा तिला समोर हवा, एवढंच तिचं म्हणणं होतं. चेहरा तर मलाही हवा होता! पण कोणत्या तोंडानं सांगणार? मुलींची अडचण होईल, प्रकाश नीट पडणार नाही, असं काहीबाही बोलून पाहिलं. पाहुणी म्हणाली, मुलींना विचारू या. मुली गप्प राहिल्या. पियानो फिरला आणि मला पियानोवाल्यांची पाठ आणि टक्कल तेवढं दिसायला लागलं. टकलाला भुवया नसतात. रंगीत तालमीत मुली घसरल्या नाहीत. किंवा घसरल्याही असतील, मला काय कळणार!

शेवटच्या गाण्याचा पूर्वार्ध मुलींचा, साथीशिवाय. त्याच्या शेवटी तो लांब सूर, आणि तो संपता संपता मी खूण केली की पियानो आणि पाहुणी एकदम उचलणार, असं ठरलेलं. बिनसाथीचं गाताना सूर कसा नकळत खाली घसरतो ते आपण मोठ्या बाईंचा मार खाऊन शिकलोय. परवा मी समोर उभी होते. तोंडं उघडलेली दिसत होती, करंगळ्या एकीकडून दुसरीकडे दाबल्या जाताना दिसत होत्या, आणि माझ्या कानात वरच्या ओळीचा नुसता वारा होता. सभागृह गच्च भरलेलं, दिवे तोंडावर, आणि इतकं एकटं मला ताई गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. मी खूण केली. पियानोवाल्यांचे हात वर गेले आणि तसेच हवेत राहिले. पाहुणीनं तळवा पुढं करून त्यांना थांबवलं होतं. ती एकटीच आत शिरली, साथीशिवाय, मुलींना आपल्या आवाजावर घेऊन शेवटपर्यंत गेली. मला वाटलं, हीसुद्धा तिची एक लहर. मी खुळ्यासारखी हसत हात हलवत राहिले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

विंगेत पियानोवाले घाम पुसत म्हणाले, अर्धा सूर उतरल्या होत्या पोरी, मी पियानोवर हात टाकला असता तर फरक उघडा पडून भर सभेत शोभा झाली असती, त्या बाईनं वाचवलं. मी मान हलवली, जणू मला माहीतच होतं. तेवढ्यात खालच्या ओळीतली उंच मुलगी, दातांना तारा लावलेली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे रडून सुजलेले. माझ्या तोंडाकडे बघत, सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, बाई, आज पियानोवाले काका दिसत नव्हते ना तुम्हाला? पियानो फिरवू नका असं आम्ही म्हणायला हवं होतं, पण मग कारण सांगावं लागलं असतं.

त्यांना सगळं ठाऊक होतं गं. कुणालाही कळू न देता वर्षभर दोन्ही ओळी मला सांभाळून घेत होत्या, आणि मी त्याला रीतभात समजत होते. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. लाज वाटली, आणि मुली घरी गेल्यावर रिकाम्या खुर्च्यांत बसून मी पोटभर रडले. उतरलेल्या सुरालाही मी छान म्हणत असणार, आणि त्या पोरी माझं मन राखायला हसत असणार. मुलींना बाईंनी सांभाळायचं असतं, बाईंना मुलींनी नाही. पाहुणी निघताना बूट हातात घेऊन माझ्यापाशी आली. नुसता माझा हात धरून उभी राहिली. काही विचारलं नाही, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

फोन उचलत नाही म्हणून तू माझ्यावर चिडली आहेस. उचलून काय करू? फोनवर तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत, आणि तोंड दिसत नाही. म्हणून हे पत्र. सोमवारी मी विश्वस्तांना नाही म्हणणार आहे, आणि त्याच दमात मला एक नाव सांगायचं आहे. तू शाळेतून निवृत्त झाल्यापासून झाडांना पाणी घालतेस, आणि तुझ्याच पत्रांवरून दिसतंय की ती बिचारी कुजायला लागली आहेत. इथं मुली आहेत, पियानो परत जागेवर फिरवला आहे, लिफ्ट दुरुस्त झाली आहे, आणि ताईची खोली मी कालच झाडून ठेवली. तू शिकवायचंस, मी मागच्या खुर्चीवर बसून मुलींच्या करंगळ्या बघेन, आणि तू गायलीस तर ते मला ऐकू येईल, याची मी पाहुणीच्या आवाजावर खात्री करून घेतली आहे. इथल्या मुलींचा सूर मी इतकी वर्षं धरून ठेवला, भोंग्या. आता माझा श्वास संपलाय. मी करंगळी दाबते आहे.

तुझीच आगाऊ,
शिट्टी