खुर्चीवरचे उंदीर

शुक्रवार, संध्याकाळ

तीन दिवस माझ्या खुर्चीवर उंदरांचे तक्ते बसलेत आणि घराचा कर्ता स्टुलावर. उद्या लातूरला आमच्या मंजूची पीएचडीची तोंडी परीक्षा. आवाज कापतो, म्हणून माझ्यापुढे सराव. नर उंदराचे वृषण काढले, संप्रेरक आटलं, की पियुषिका ग्रंथीत मेंदूचा निरोप झेलणारे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, वाढतात. संप्रेरक टोचलं, की पुन्हा कमी.

"साहेब रजेवर गेला की कचेरीत कान वाढतात, तसंच," मी म्हणालो.

"बाबा, तुम्ही मधीच बोलून राहिले. एकदा तरी पूर्ण ऐका नं."

खरंच. शाळेपासून तिचं एकही भाषण मी विनोदाविना संपू दिलं नाही. ते देणं राहिलंच होतं.

"पहिल्यापासून म्हण."

वीस मिनिटं स्टुलावर गप्प बसलो. शेवटच्या तक्त्याला आवाज कापत नव्हता. खुर्ची मागितली नाही.