रिकामे ठरवलेले रफूचे धडे न पुसणेबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग,
होस्टिंग कंपनी, मुख्य कार्यालय.

विषय : रफूकामाच्या ऑनलाइन वर्गाचे सर्व धडे 'रिकामे' ठरवून पुसण्याचा निर्णय मागे घेणेबाबत.

संदर्भ : आपल्या संगणकाने मला पाठवलेली सूचना. तिच्याखाली 'कृपया यास उत्तर देऊ नये' असे असल्याने, प्रस्तुत कागद हे उत्तर नसून स्वतंत्र अर्ज आहे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी व्यवसायाने रफूगार असून फाटलेले, जळालेले व कसरीने खाल्लेले कपडे, भोक कुठे होते हे कळू नये अशा रीतीने दुरुस्त करतो. हे काम मी आयुष्यभर एका लाँड्रीच्या कोपऱ्यात, इस्त्रीच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून केले. त्यामुळे उतारवयात शिकवायचे ठरले तेव्हा एकच हट्ट धरला, की आता दुसऱ्याच्या दुकानात बसायचे नाही. फुकट व्हिडिओ दाखवणाऱ्या ठिकाणी माझ्या धड्याआधी दाढीच्या साबणाची जाहिरात लागेल असे कळल्यावर तो मार्ग मी बाणेदारपणे नाकारला. स्वतःचे संकेतस्थळ, स्वतःचा वर्ग! मात्र ते ठेवायला होस्टिंग लागते आणि तेही भाड्यानेच मिळते, हे बँकेत नोकरी करणाऱ्या भाच्याने समजावले, तेव्हा आमची सौ. एवढेच म्हणाली, "म्हणजे पुन्हा कोपराच की!"

होस्टिंगची निवड मी अत्यंत चोखंदळपणे केली, असे त्या वेळी माझे मत होते. प्रथम घरच्याच जुन्या संगणकावर वर्ग चालवून पाहिला. तो फ्रीजवर ठेवला होता, सौ.ने मिक्सर लावला की फ्यूज उडायचा आणि वर्गाला सुट्टी मिळायची, शेवटी तो संगणकच जळाला. मग भाच्याने चार कंपन्यांचा तक्ता करून दिला. त्यात वेग, जागा, सुरक्षा, राखीव प्रती (बॅकअप) असे रकाने होते. पैकी मला 'जागा' तेवढी कळली, पण मान मी सगळ्याच रकान्यांवर डोलावली. शेवटी चारही कंपन्यांना फोन लावले आणि जिथे यंत्राऐवजी माणूस बोलला ती निवडली. ती आपली. आपल्या विक्री विभागातील मुलगी म्हणाली, "काका, निर्धास्त राहा, आमच्याकडे काही हरवत नाही." इकडे भाचा 'यांचा राखीव प्रतींचा रकाना कोरा आहे' म्हणून कानीकपाळी ओरडत होता. त्याला मी 'माणसं ओळखायला शीक' असे सुनावले, आणि मोबाईल भरून वाहत होता म्हणून त्यातले सगळे धडे त्याच दिवशी पुसून टाकले. कापडाचा पोत बोटांनी पारखणाऱ्या माणसाने कंपनी मात्र आवाजावरून पारखली. यावर आपण हसलात तरी माझी तक्रार नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्या सूचनेनुसार, तपासणी यंत्रणेस माझ्या धड्यांत आवाज आढळला नाही व हालचालही आढळली नाही. सबब ते रिकामे धरून महिनाअखेरीस कायमचे काढण्यात येतील. आवाजाबाबत यंत्रणा खरे बोलते. रफू करताना धाग्याचे टोक मी ओठांत धरतो. चित्रण करताना भाचा "मामा, काहीतरी बोला ना!" म्हणून विनवत होता आणि मी मान हलवत होतो. शिकवताना बोलावे लागते, ही बाब माझ्या ध्यानातच आली नव्हती. हालचालीबाबत खुलासा असा, की मोबाईल अगदी जवळ लावल्याने चौकटीत कापड आणि सुईचे टोक एवढेच आहे. धागा त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून काढलेला, म्हणून रंग तोच. आणि भोक मुंगीच्या पावलांनी बुजते. आमच्या धंद्यात 'काहीच दिसत नाही' याहून मोठी शाबासकी नसते. त्यामुळे सूचना वाचून मी अर्धा दिवस खुशीत होतो, हेही कबूल करतो. मग सौ.ने 'कायमचे' हा शब्द मोठ्याने वाचून दाखवला.

आपल्या कार्यालयात फोन केला असता ती मुलगी नोकरी सोडून गेल्याचे समजले. तिच्या जागी आलेले गृहस्थ म्हणाले, "त्यात काय, पुन्हा रेकॉर्ड करून टाका." ते मला शक्य नाही, महोदय. गेल्या हिवाळ्यापासून माझ्या उजव्या हाताला कंप सुटला आहे. सुईत दोरा सौ. ओवून देते, पण पुढे सुई माझे ऐकत नाही. त्या धड्यांत आहे तो माझा हात धड होता तेव्हाचा आहे, आणि तो आता दुसरीकडे कुठेही नाही. मला फार भीती वाटते. हे अर्जात कुठे लिहायचे असते ते ठाऊक नसल्याने इथेच लिहिले. यंत्रणेच्या समाधानासाठी प्रत्येक धड्याच्या आरंभी खोकण्याची, हात हलवण्याची, किंवा भाच्याकडून टाळ्या वाजवून घेण्याची माझी तयारी आहे. भाच्याची नाही, पण त्याला मी समजावीन.

या आठवड्यात मला टपालाने कापडाचा एक तुकडा आला. पाठवणाऱ्या बाई दूरच्या गावी शिवणकाम करतात. मी त्यांना कधी पाहिलेले नाही. सोबत चिठ्ठी होती : "सर, तुमचे धडे टीव्हीवर लावून, थांबवून थांबवून पाहिले. यात एक रफू आहे. जमलंय का तेवढं सांगा." तुकडा मी खिडकीशी नेला, उजेडासमोर धरला, उलटसुलट करून भिंगाखाली पाहिला. मला रफू सापडले नाही. सौ.ला सापडले नाही, भाच्याला तर नाहीच. मग मला रडू आले. अर्जात असे लिहीत नाहीत याची मला कल्पना आहे.

तरी विनंती की, सदर तुकडा प्रथम आपल्या यंत्रणेसमोर व नंतर एखाद्या माणसासमोर ठेवावा. रफू सापडल्यास धडे खुशाल पुसावेत. न सापडल्यास, त्या धड्यांत काहीतरी घडते असे मानून ते राहू द्यावेत. दोन्ही परिस्थितींत तुकडा परत पाठवावा, कारण बाईंना मी अजून उत्तर लिहिलेले नाही.

महिनाअखेरीकडे डोळे लावून बसलेला,
आपला एक ग्राहक,
रफूगार
(सही वाकडी आली आहे, पण ती माझीच आहे.)

दिनांक : १९ सप्टेंबर

सोबत : राखाडी लोकरी कापडाचा तुकडा, एक. त्यात रफू, एक (बाईंच्या सांगण्यावरून).