पीठ मी वाळवले होते

संक्रांतीसाठी घरात आलेले सामान: आसगावच्या आपल्या धानाच्या बांधीतला नवा तांदूळ दोन किलो, फुकट, गूळ दीड किलो, नव्वद रुपये, तीळ पाव किलो, साठ, तेल एक लिटर, दीडशे. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही असे कळल्यामुळे कागदाचा खर्च नाही.

मी, गिरजाबाई सेवकराम कापगते, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घरकाम, राहणार वरठी, मारुतीरायाला साक्षी ठेवून लिहिते की आज माझी बुद्धी ठिकाणावर आहे. एकदा ती नव्हती, ते कलम तीनमध्ये येईल. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. घरात दबाव आणण्याचे काम नेहमी माझ्याकडेच होते.

कलम एक. वरठीचे घर मुलगा भूपेंद्र आणि लाखनीला दिलेली मुलगी रक्षा यांना निम्मे-निम्मे. आसगावची दीड एकर बांधी भूपेंद्रला, पोस्टातली ठेव रक्षाला. भांडायचे असल्यास तेरावे झाल्यावर भांडावे. तेराव्याचे पैसे वेगळे ठेवले आहेत, त्यात बुंदी बसत नाही.

कलम दोन. माझ्या दोन्ही सोन्याच्या बांगड्या सून अंजूला. तिला मी पंधरा वर्षे "गॅस बारीक कर" म्हणत आले. माझ्यामागे तिने हवा तेवढा मोठा करावा.

कलम तीन. हे मुख्य. आमच्या शेजारी वीस वर्षे गोदावरीबाई राहत होत्या, आंध्रातल्या राजमहेंद्रीकडच्या. त्यांचे यजमान आणि आमचे एकाच कारखान्यात. संक्रांतीला त्या अरिसे करत. आपल्या अनारशाची तिकडची बहीण समजा. तांदूळ भिजवायचा, ओलाच कुटायचा, पीठ गुळाच्या पाकात घालून लगेच थापायचे, तळायचे, आणि दोन लाकडी पाटांमध्ये दाबून तेल काढायचे. निघालेले तेल परत कढईत जाते, म्हणून हा पदार्थ मला पहिल्या दिवसापासून पटला.

२००८ साली त्यांनी मला शिकवले. मी कुटायचा कंटाळा केला आणि तांदूळ भैय्याजींच्या चक्कीवर नेला. ते म्हणाले, "बाई, ओला तांदूळ नाही चालत. दगडाले चिकटते." मग मी तो गच्चीवर दिवसभर कडक उन्हात वाळवला आणि दळून आणला. कढईत एकूण एक अरिसा तुकडे होऊन पसरला. भजन मंडळाच्या अकरा बायका ताटे घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना म्हटले, "तिनं मले शिकवताना एक गोष्ट लपवून ठेवली. आपलं नाव खाली जाईन म्हणून."

संध्याकाळी गोदावरीबाई दारात आल्या. आत आल्या नाहीत.

"गिरजाबाई, मी काय लपवलं, सांगा ना."

"ते तुमाले माहीत," मी म्हटले.

"दाबायचे पाटही देऊन राहिली होती मी तुमाले," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर मंडळातल्या कोणी त्यांना हळदीकुंकवाला बोलावले नाही. पुढच्या वर्षी त्यांचे यजमान निवृत्त झाले आणि ते कुटुंब गावी परतले. या सगळ्या काळात मी देवळात रोज दिवा लावत होते आणि आपल्याकडून काही पाप घडले असे मला एकदाही वाटले नाही.

गेल्या महिन्यात जुन्या हिशेबाच्या वह्या रद्दीला काढल्या. २००८च्या वहीत किराण्याच्या खाली माझ्याच अक्षरात लिहिलेले सापडले: "पीठ ओलेच ठेवणे. वाळवू नये. गो.बाईंनी दोनदा सांगितले." खाली रेघसुद्धा मारलेली. माझ्या वहीत चूक सापडत नाही असे मी गावभर सांगत असते. खरेच आहे. वहीत नव्हती.

मंडळाच्या चंद्रभागाबाईंना वही दाखवली. त्या म्हणाल्या, "आता काहून उकरून राहिल्या? कोणाले आठवते ते?"

"तिले आठवत असन," मी म्हटले.

परवा ओला तांदूळ उखळात कुटला. उजवा खांदा कामातून गेला. अरिसा एकही फुटला नाही.

म्हणून, ती वही मी गोदावरीबाईंच्या नावे करते. आणि हे तिसरे कलम भजन मंडळात मोठ्याने वाचले जावे. माझ्यामागे नव्हे. आधी तसे लिहिले होते, पण मेल्यावर माफी मागणे म्हणजे फारच स्वस्तात सुटणे झाले, म्हणून खोडले. माघातल्या शुद्ध एकादशीला मी स्वतः वाचणार.

साक्षीदारांना या इस्टेटीतले काही मिळणार नाही. प्रत्येकी चार अरिसे दिले, तेही सही झाल्यावर.

सही: गिरजाबाई सेवकराम कापगते
साक्षीदार: १. चंद्रभागाबाई लांजेवार २. मनिष शहारे
स्थळ: वरठी, जिल्हा भंडारा
दिनांक: १६ जानेवारी २०२५

गोदावरीबाई, ही नक्कल रजिस्टरने तुम्हाला पाठवत आहे. वाचताना तुम्ही समोर असाव्या अशी इच्छा आहे. येण्याजाण्याचे भाडे मी देईन, आणि स्टेशनवर न्यायला भूपेंद्र येईल. येणे होत नसेल किंवा यावेसे वाटत नसेल, तर सोबत पत्ता घातलेले पोस्टकार्ड आहे. त्यावर तुमचे मला जे बोलायचे राहिले असेल ते लिहा. रागाचे असले तरी तेही मी त्या बायकांसमोर वाचीन. उलट टपाली कळवावे.