उंदरासाठी बांधलेली वाट

चंद्रपूर

प्रिय दिव्यानी,

आमचा उंदीर परवा धावला! कितीतरी दिवस तो ढिम्म बसून होता, म्हणून ही बातमी आधी तुलाच.

तू मागे फोनवर विचारलं होतंस, "काऊन वो संघप्रिया, उंदराले सिनेमा दाखवून काय करून राह्यली?" तर ऐक. थर्माकोलचा एक मोठा गोळा खालून येणाऱ्या हवेवर तरंगतो. त्यावर उंदीर उभा. डोकं हलू नये म्हणून ते अलगद अडकवलेलं असतं. तो धावला की गोळा पायांखाली फिरतो आणि पडद्यावरची वाट तेवढीच मागे सरकते. उंदीर जागचा हलत नाही, पण त्याला वाटतं आपण चाललोय. वाटेच्या शेवटी साखरपाण्याचा थेंब. तेवढ्या वेळात त्याच्या मेंदूत ती वाट कशी उमटते, ते आम्हाला बघायचंय. असं यंत्र बाहेरून कशाला मागवायचं, आपणच बांधू, असं मी कॉलेजात ठणकावून सांगितलं होतं. त्यामुळे उंदीर हलेना तेव्हा सगळे माझ्याकडेच बघू लागले.

माझा सहकारी शहबाज हवा कमीजास्त करून दमला. "उंदीरच आळशी आहे हा," म्हणाला. शेवटी मी वाकून माझं डोकं उंदराच्या जागी नेलं. समोर पडद्यावर झकास रस्ता, पण दोन्ही बाजूंना आमची कपाटं आणि ट्यूबलाइट! उंदराचे डोळे तर बाजूंना असतात. त्याच्या लेखी तिथे वाट नव्हतीच. मग फ्लेक्सवाल्याकडून पांढरं कापड आणून पडदा त्याच्याभोवती वळवला, कडेने रंगीत खांब दाखवले. उंदराने मिशा हलवल्या आणि निघाला. शहबाज ओरडला, "अरे, चालून राह्यला ना हा!" नंतर खांब काढून पाहिले, तर तो गोंधळला. परत दाखवले, पुन्हा पोचला.

मेंदूज्वरातून तू उठलीस, तेव्हा तुझं वाचणं, शिकवणं सगळं शाबूत होतं. फक्त वाटा पुसल्या गेल्या. शाळेला निघतेस, तलावाजवळच्या फाट्यावर थांबतेस आणि तुझ्या आईला फोन करतेस. नव्या खुणा धरून चालायला शिकता येतं, वेळ लागतो, असं डॉक्टर तुझ्यासमोरच म्हणाले होते.

काल तुझ्या आईचा, रुखमाकाकूंचा फोन आला. "पोरगी नोकरी सोडतो म्हणते. तूच सांग तिले काही." म्हणून हे पत्र. आमच्या उंदरावरून तुझं औषध निघेल, असं मी म्हणत नाही. पण राजीनामा देऊ नकोस. रविवारी मी नागभीडला येते. फाट्यावर कोणत्या खुणा धरायच्या, ते तूच ठरव. सोमवारी तू पुढे चाल, मी मागे. चुकलीस तरी मी बोलणार नाही. थांब, बघ आणि वळ. फक्त शाळेत आजच कळवून ठेव, सोमवारी दिव्यानीबाईंना यायला थोडा उशीर होईल.

मागोमाग चालणारी,
तुझीच
संघप्रिया