आठशे पस्तीस मिलिमीटर

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ११
साडूने स्पोर्ट बाईक घेतली. सासरच्या 'नाना परिवार' ग्रुपवर फोटो आला. लाल गाडी, वर हितेंद्र, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, जणू पाटावर बसलाय. एकोणचाळीस अंगठे. सासूबाईंनी तर नाचणारा मोर टाकला. माझ्या वाढदिवसाला त्यांनी नुसते जोडलेले हात टाकले होते.
नोंद पूर्ण असावी ही खात्याची सवय, म्हणून लिहितो. हितेंद्र, धुळ्यात दातांचा डॉक्टर, धाकटा जावई. उंची पाच-अकरा. केस शाबूत. मी भूपेंद्र, जळगावात मोजणी खात्यात भूकरमापक, थोरला जावई. उंची पाच-तीन. सकाळी मोजली तर पाच-साडेतीन.
मला मत्सर अजिबात वाटत नाही.
माझी बायको कोकिळा म्हणाली, अहो, ती गाडी ना... मी म्हटलं, पाहिली. डोळे आहेत मला.

६ जानेवारी, सोमवार
स्पोर्ट बाईक घ्यायची ठरवली. कारण संपूर्णपणे ऑफिसचं. शिवारात मोजणीला जाताना वेग लागतो. हितेंद्रचा काही संबंध नाही.
९ फेब्रुवारीला धुळ्यात नानांची, म्हणजे सासऱ्यांची, पंचाहत्तरी आहे. त्या दिवशी मंडपासमोर मी गाडीवरून येईन. थांबेन. दोन्ही पाय टेकवीन. हेल्मेट काढीन. ही गोष्ट आपोआप घडेल, मी काही त्यासाठी गाडी घेत नाही.

१२ जानेवारी, रविवार
पहूरच्या एका शिक्षकांची जुनी गाडी मिळाली. निळी. हितेंद्रच्या गाडीपेक्षा रंग जास्त सभ्य आहे. शिक्षक सहा फूट. 'तुम्हाला जमेल ना?' असं दोनदा विचारलं त्यांनी. शिक्षकांना प्रश्न विचारायची सवयच असते.
गाडी ऑफिसातल्या युवराजने चालवत आणली. मी त्याच्या स्कूटरवर मागून आलो. मागून निरीक्षण केल्याने गाडी नीट कळते.

१३ जानेवारी, सोमवार. सकाळी ७
मोजमाप घेतलं. सीटची उंची जमिनीपासून ८३५ मिलिमीटर. माझा पाय आतून ७००. दोन पायांमध्ये पुस्तक धरून, भिंतीला टेकून, तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा ७०४ आलं. तेच धरतो.
१३१ मिलिमीटर कमी पडतात. म्हणजे गाडी १३१ मिलिमीटरने जास्त आहे.
बसल्यावर डावा अंगठा टेकतो. उजवा पाय हवेत राहतो. कोकिळा खिडकीतून बघत होती. म्हणाली, थोडं एका बाजूला सरका ना, एकच पाय टेकवायचा असतो. मी म्हटलं, एका पायावर उभं राहणं बगळ्याला शोभतं. स्कूटी चालवणाऱ्यांनी यात पडू नये.

१५ जानेवारी, बुधवार
आकाशवाणी चौकात सिग्नल लाल झाला. थांबलो. गाडी डावीकडे आली, मग आणखी डावीकडे आली, मग येतच राहिली. पडलो असं म्हणता येणार नाही. आम्ही दोघं हळूच आडवे झालो.
कडेला वांगी विकणाऱ्या बेबाबाईंनी गाडी उचलली. वय साठीच्या पुढे. एका हाताने पदर सावरत, दुसऱ्याने गाडी. म्हणाल्या, भाऊ, सायकल घ्या. लागलं का, हे नंतर विचारलं.
हितेंद्रला बेबाबाईंनी असं म्हटलं नसतं. उंच माणूस पडला तर लोक म्हणतात, रस्ता खराब आहे.
निर्णय: उंची कमी करायची. माझी वाढणं आता अवघड, म्हणून गाडीची.

१६ जानेवारी, गुरुवार
मेकॅनिक रुपचंद. पारोळ्याकडचा, 'आहे'ला 'शे' म्हणणारा. हुशार, पण स्पष्ट बोलतो. गाडी बघितली, मला बघितलं. म्हणाला, भाऊ, गाडी बराबर शे. मग माझ्या पायांकडे बघत राहिला.
त्याने तीन उपाय सांगितले. सीटचा फोम कापणे. मागच्या शॉकअपची लिंक बदलून गाडी मागून खाली बसवणे. पुढचे फोर्क वर सरकवून पुढूनही तेवढीच खाली आणणे. वर म्हणाला, थोडं थोडं करा भाऊ. आणि आधी महिनाभर एका पायावर थांबायची सवय करा, मग कदाचित काहीच करावं लागणार नाही.
कोकिळाशी त्याचं काही बोलणं झालंय का, ते बघायला हवं.
मी सांगितलं, तिन्ही कर. जास्तीत जास्त कर.

१९ जानेवारी, रविवार
फोम कापला. सीटवाल्याला मी 'अजून, अजून' म्हणत राहिलो, त्याने ऐकलं. आता रेक्झिनखाली फोम आहे असं तो म्हणतो. मला तो जाणवत नाही. जळगावातला प्रत्येक खड्डा वेगवेगळा ओळखू येतो.
उंची ७९५. मोठी प्रगती.

२० जानेवारी, सोमवार
ऑफिसात दिवसभर उभं राहून नकाशे पाहिले. साहेब म्हणाले, बसा. म्हटलं, उभ्याने रेषा जास्त सरळ दिसतात.
ग्रुपवर नवीन फोटो. हितेंद्र, गाडी, मागे लळिंगचा किल्ला. चोपन्न अंगठे. किल्ल्याचेच असतील.

२३ जानेवारी, गुरुवार
जाड सोलचे बूट आणले. ५० मिलिमीटर उंची वाढली. ऑफिसात शिपायाने पहिल्यांदाच मला 'साहेब' म्हटलं.
संध्याकाळी बुटाचा पंजा गिअरच्या लिव्हरखाली अडकला. घरापर्यंत सेकंड गिअरमध्ये आलो. गल्लीत तीन फेऱ्या माराव्या लागल्या, कारण पाय काढता येईना आणि थांबताही येईना. कोकिळा दारात उभी राहून प्रत्येक फेरीला काहीतरी सांगत होती. तिसऱ्या फेरीला ऐकू आलं, क्लच दाबा. दाबला. थांबली.
क्लचबद्दल हिला काय माहीत? टीव्हीवर पाहिलं असेल.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदनानंतर रुपचंदकडे. लिंक बदलली, फोर्क सरकवले. उंची ७२०. बूट धरून दोन्ही पाय सपाट! डोळ्यांत पाणी आलं. रुपचंदने ते पाहिलं. धूळ आहे म्हटलं.
रुपचंद म्हणाला, आता साईड स्टँड कापून छोटा करावा लागेल. गाडी खाली आली, स्टँड तेवढाच राहिला. उभी केली की सरळ राहील आणि उजवीकडे जाईल. मी नकार दिला. हितेंद्रच्या गाडीचा स्टँड पूर्ण लांबीचा आहे. माझ्या गाडीचा कापलेला का असावा? जावयांच्या तुलनेत अशा गोष्टी लोक बघतात.

२ फेब्रुवारी, रविवार
एक किरकोळ बाब. गतिरोधकावरून गाडीचं पोट घासतं. आवाज मोठा येतो. आमच्या गल्लीत दोन गतिरोधक आहेत, त्यामुळे कोकिळा दुसऱ्या आवाजाला चहा ठेवते. सोयच झाली म्हणायची.

५ फेब्रुवारी, बुधवार
कोकिळाला मागे बसवून बघितलं. दोघं बसलो की गाडी गतिरोधक नसतानाही घासते. सबब रविवारी तिने एस.टी.ने यावं, असं ठरलं. ती लगेच हो म्हणाली. फार लगेच म्हणाली.
मग म्हणाली, अहो, दिपाच्या गाडीचं तुम्हाला... मी म्हटलं, तुझ्या बहिणीच्या घरचं कौतुक आता पुरे. ती हसू दाबत होती की काय, कळलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. पहाटे ५.३०
आज. थंडी आहे. बूट पॉलिश केले. उंची मोजली, पाच-पावणेचार! शुभशकुन. नऊ वाजता मंडपासमोर असेन.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६, धुळे
नव्वद किलोमीटरला साडेचार तास लागले. प्रत्येक गतिरोधकापाशी उतरून गाडी ढकलत पार केली. एरंडोलला एका आजोबांनी विचारलं, पेट्रोल संपलं का? पारोळ्यालाही तेच. दोन्हीकडे हो म्हटलं. दुसऱ्या ठिकाणी लोकांनी बाटलीतून आणूनही दिलं.
मंडपाशी पोचलो तर कोकिळा केव्हाच येऊन भरताची वांगी सोलत बसली होती. दोन्ही पाय टेकवले. हेल्मेट काढलं. कोणी बघितलं नाही, कारण त्याच क्षणी लाल गाडी आली.
लाल गाडी दिपमाला चालवत होती.
मेहुणी. उंची चार-अकरा. हितेंद्र मागे बसलेला, मांडीवर केकचा खोका, चेहरा घाबरलेला. ती थोडी डावीकडे सरकली, एक पाय टेकवला आणि थांबली. गाडी कुठेही कापलेली नाही. विचारलं, ८३५.
गाडी तिचीच आहे. हितेंद्रला सायकलसुद्धा नीट येत नाही. फोटोत तो नुसता बसायचा. स्वतःच म्हणाला मला, भूपेंद्रभाऊ, तुम्ही नव्वद किलोमीटर एकटे आलात? मला तर सिग्नलला धडकी भरते. मनापासून म्हणाला. पाच आठवडे मी ज्या माणसावर जळत होतो (नोंदीसाठी: जळत नव्हतो) तो माझ्याकडे कौतुकाने बघत होता. मला आनंद व्हायला हवा होता. पण तेवढ्यात सगळे दिपमालेभोवती जमले होते.
कोकिळाला विचारलं, मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, सातदा तोंड उघडलं होतं.
मग माझी गाडी पडली. स्टँडवर सरळ उभी होती, वाऱ्याची झुळूक आली आणि उजवीकडे गेली. उजवीकडे नानांचा पंचाहत्तरीचा फ्लेक्स होता. आरसा नानांच्या गालातून आरपार गेला. वारा होता, हे मी सगळ्यांना वैयक्तिकरीत्या सांगितलं.
नाना रागावले नाहीत. माइक घेऊन उभे राहिले, म्हणाले, गाडी पडली म्हणून आठवलं. गावी असताना माझ्या दोन्ही पोरी फटफटीला दोन्हीकडे दुधाच्या कॅन बांधून पहाटे डेअरीला जायच्या. दिपा जपून चालवायची. कोकी तं वारा शे वारा! लोक हसले, टाळ्या वाजल्या. सासूबाई डोळे पुसत होत्या.
मी मंडपात दुसरी कोणी कोकी आहे का ते पाहिलं. नव्हती.
अकरा वर्षं झाली लग्नाला. दुधाच्या कॅनबद्दल एक शब्द नाही. हे मी तिला बोललो. ती म्हणाली, पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, हं.
असेन म्हणालो. 'हं' म्हणजे ऐकलं असं नसतं.

१० फेब्रुवारी, सोमवार. जळगाव
गाडीचं हँडल वाकलं होतं. हितेंद्रने ओळखीच्या गॅरेजमधून सरळ करून आणलं, वर स्टँडही बेताचा कापून आणला. चांगला माणूस आहे. याचा त्रास जास्त होतो.
परतीचा प्रश्न होता, दोघं बसलो की गाडी घासते. कोकिळा म्हणाली, तुम्ही एस.टी.ने या, मी आणते. मी तिला धोके समजावत होतो. ती निघाली.
एस.टी.त उभा होतो. पारोळ्याच्या अलीकडे एक निळी गाडी सुसाट पुढे गेली. सगळी एस.टी. उजव्या खिडक्यांकडे. कंडक्टर म्हणाला, बघा, बाई काय चालवतेय! एक म्हातारी म्हणाली, नशीब काढलं तिच्या घरच्यांनी.
मीही टाचा उंचावून पाहिलं. मग म्हणालो, ती माझी मिसेस आहे.
कंडक्टरने माझ्याकडे वरून खाली पाहिलं. फार वेळ लागला नाही त्याला. म्हणाला, हो का, सरका जरा आत.
घरी पोचलो तेव्हा तिचा स्वयंपाक झाला होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार
ग्रुपवर कोकिळाचा फोटो, धुळ्याहून निघताना हायवेवर, दिपमालेने काढलेला. एकशे सहा अंगठे. सासूबाईंचे तीन मोर. कोपऱ्यात एस.टी.च्या रांगेतला एक हात दिसतो, घड्याळ माझं आहे. त्याला कोणी काही म्हटलेलं नाही.
बायकोवर कोणी जळतं का? मी फक्त मोर मोजले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
ऑफिसातून आलो तर गाडी उंच. कोकिळाने रुपचंदकडून लिंक, फोर्क, सगळं पूर्ववत करून घेतलं. नवा फोम. स्टँडला जोड. म्हणाली, खाली घासत चालवणं बरोबर नाही. तिची उंची पाच फूट. टेप काढून मोजायला गेलो तर म्हणाली, राहू द्या.
रुपचंद मला वेगळा घेऊन म्हणाला, भाऊ, वहिनींचा हात बठ्ठ्यात भारी शे. बठ्ठ्यात म्हणजे सगळ्यांत. मी म्हटलं, मीच शिकवलं.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३
सकाळी कोकिळा म्हणाली, मुक्ताईनगरला दर्शनाला जाऊ, मागे बसा. मागची सीट पुढच्यापेक्षाही उंच असते, ही माहिती कोणी आधी दिली नव्हती. फूटपेगवर पाय देऊन चढतात म्हणे. पाय तिथपर्यंत पोचल्यावरची ही गोष्ट. शेवटी शेजाऱ्यांच्या पायऱ्यांवरून चढलो. शेजारी चहा पीत बघत होते.
भुसावळपर्यंत डोळे मिटून होतो. पुढे उघडले. बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही. तिने दोनदा मागे वळून विचारलं, भीती वाटतेय का? म्हटलं, छे, रस्ता बघतोय. तिने वेग वाढवला.
देवळासमोर पायऱ्या थोड्या लांब होत्या. उतरलो असतो तर परत चढायचं कसं?
कोकिळा आत जाऊन आली. मी दर्शन गाडीवरूनच घेतलं.