खोकल्यावरचा चमचा

आईस ओग्न्येनचा वाकून नमस्कार. मी बरा आहे, वेळेवर जेवतो.

डॉक्टर स्लाव्काबाई लोकांची दारू सुटावी म्हणून वीस वर्षं गावोगाव फिरताहेत. कोणत्या घरात कोण किती पितं, याचे त्यांचे तक्ते मी भरतो. घरोघरी आधी घरीच गाळलेल्या कडक राकियाचा पेला पुढे येतो, मग उत्तर, "आम्ही पीत नाही हो, लेकरा! राकिया का दारू आहे?" काल एकीने खोकल्यावर औषध म्हणून चार वर्षांच्या पोरालाही चमचाभर पाजली. मला शिसारी आली.

सरावासाठी बाईंनी मला माझ्याच, म्हणजे आपल्या घराचा तक्ता भरायला दिला. मीही लिहिलं, 'कोणी पीत नाही.' मग स्वतःचीच किळस येऊन खोडलं.

धाकट्या रेल्याचा खोकला कसा आहे? बाबा अजून त्याला चमचा देतात? तक्त्यातली ती जागा कोरी ठेवली आहे. खरं कळव.

तुझा,
ओग्न्येन