लेकीच्या घरचा पाव

३ नोव्हेंबर, सोमवार

अप्पांना आणलं शेवटी. गेल्या आठवड्यात तळेगावात न्हाणीघरात पाय घसरला, उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लॅस्टर. सहा आठवडे तरी, असं डॉक्टर म्हणाले. आई गेल्यापासून एकटेच राहतात. किती वेळा म्हटलं, रावेतला या आमच्याकडे. उत्तर ठरलेलं. "लेकीच्या घरी चार दिस बरं दिसतं. पुढं माणूस पाव्हणा न्हाई, ओझं हुतो." या वेळी विलासने विचारलंच नाही. कपडे भरले आणि गाडीत बसवलं.

हॉलमधल्या दिवाणावर झोपलेत. आमच्या खोलीत झोपा म्हटलं, तर नाही.

६ नोव्हें., गुरु.

सकाळी बरणीला पीठ-पाणी घालत होते, तर अप्पा मागे येऊन उभे.

"काय हाय ते?"

स्टार्टर म्हटलं. यीस्ट न घालता याच्यावर ब्रेड फुगतो. मैत्रिणीने दिलंय, दोन वर्षं सांभाळतेय. त्यांनी वास घेतला, तोंड वाकडं केलं. "आंबलंय हे."

आंबवायचंच असतं अप्पा!

"आमच्या भट्टीवर पीठ आंबलं तर शेठ उभं करायचा न्हाई."

पिंपरी कॅम्पातल्या बेकरीत आयुष्य गेलं त्यांचं पाव भाजण्यात. आणि मी मोबाइलवर बघून शिकलेली.

९ नोव्हें., रवि.

ब्रेड भाजला. वास सुटला आणि एकदम पिंपरीची खोली आठवली. अप्पा उजाडता उजाडता घरी यायचे. भुवया मैद्याने पांढऱ्या. सदऱ्याच्या आत, पोटाशी, पेपरात गुंडाळलेली लादी. आई ओरडायची, आधी अंगावर पाणी घ्या. मी अंथरुणातूनच हात पुढे करायची. मला लादीतला मधला पाव लागायचा, चारी बाजूंनी मऊ असतो तो. तो कुणाला द्यायचे नाहीत ते, माझाच.

अप्पांनी स्वतः कधी पाव खाल्लेला मात्र आठवत नाही. आज विचारलं.

"रातभर वास खायाचो पोरी. पोट भरायचं त्यानंच."

माझ्या ब्रेडचा तुकडा चहात बुडवून खाल्ला. बराच वेळ चावत होते. "कडक हाय." दुसरा मागितला नाही.

१३ नोव्हें., गुरु.

लिहावंसं वाटत नाही. तरी.

ऑफिसातून आले तर सगळी भांडी घासून ओट्यावर पालथी. त्यात बरणीही. लख्ख.

अप्पांनी घासली, एका हाताने. प्लॅस्टर भिजू नये म्हणून त्याला कॅरीबॅग बांधलेली. सोफ्यावर बसले होते, मी काय म्हणते ते बघत. "बरणीत नासकं पीठ व्हतं, टाकलं," म्हणाले. मोठ्या खुशीत.

मी नको ते बोलले. तुम्हाला कुणी सांगितलं होतं? कशाला हात लावता माझ्या स्वयंपाकघरात? माझ्या, असं म्हणाले. ते ऐकू आलं मला बोलताना, तरी थांबले नाही.

अप्पा जेवताना विलासला म्हणाले, "जावईबापू, रविवारी मला तळेगावला सोडा."

वि. माझ्याकडे बघत राहिला. मी ताटाकडे.

१४ नोव्हें., शुक्र.

झाकण पाहिलं, झाकणाचं रबर पाहिलं. कुठे थोडं स्टार्टर वाळून चिकटलं असेल तर त्यावरही परत उठतं म्हणतात. काही नाही. अप्पा काम कधी अर्धवट करत नाहीत.

दुपारी ऑफिसात डोळ्यांत पाणी आलं. बरणीसाठी नाही. ती कॅरीबॅग. एका हाताने कशी बांधली असेल? गाठ दातांनी मारली असणार.

१६ नोव्हें., रवि.

गेले नाहीत.

सकाळी अप्पांपाशी जाऊन बसले. चुकलं माझं, म्हटलं. ते खिडकीबाहेर एक्स्प्रेसवेवरच्या गाड्या बघत होते. मग म्हटलं, अप्पा, मला मुळापासून करता येत नाही ते, मला आयतं मिळालं होतं. करायचं का आपण दोघं?

खिडकीकडून वळले. मग, "गहू दळून आण. पाकिटातलं पीठ नगं."

वि. लगेच गिरणीत गेला. त्यालाही सुटल्यासारखं झालं असणार. पीठ, कोमट पाणी. अप्पांनी डाव्या हाताने ढवळलं, निम्मं ओट्यावर सांडलं. मी पुसायला गेले नाही.

तळेगावचं नाव कुणी काढलं नाही.

१९ नोव्हें., बुध.

बरणीला भयंकर वास. पावसाळ्यात भिजलेले मोजे. पुसटसे बुडबुडे आले होते तेही बसले. मेलं बहुतेक, टाकून देऊ म्हटलं.

अप्पा म्हणाले, "टाकायचं न्हाई. एकदा टाकलं तेवढं बास झालं."

आणि स्वतःच हसायला लागले. मग मीही. वि. आतून विचारतोय, काय झालं, काय झालं.

२५ नोव्हें., मंगळ.

थंडी पडलीय, म्हणून बरणी अप्पांच्या मफलरमध्ये. ऑफिसात मीटिंग चालू असताना त्यांचा फोन. ते कधी स्वतःहून फोन करत नाहीत. बाहेर पळत जाऊन घेतला.

"सुमे, वर आलं! दुप्पट झालं बघ. वास बी गोड येतोय."

परत आत गेले तर सगळे विचारायला लागले, घरी सगळं ठीक ना? म्हटलं, हो. डोळे पुसत म्हटलं, त्यामुळे कुणाचा विश्वास बसला नाही.

९ डिसें., मंगळ.

प्लॅस्टर निघालं. हात किती बारीक झालाय. मूठ मिटत नाही. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिलाय.

दवाखाना पिंपरीतच. निघताना म्हणाले, "कॅम्पातनं जाऊ." बेकरीची गल्ली मलाही ओळखू येईना. बेकरीच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. अप्पा फुटपाथवर उभे राहून आत बघत होते. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक. "बोला काका, कोणता मॉडेल?"

"त्या कपाटामागं भट्टी व्हती आमची."

दुकानदार भला माणूस. या आत, म्हणाला. अप्पा कपाटाच्या बाजूने सरकत मागच्या भिंतीपर्यंत गेले, तिला हात लावला. नुकता सुटलेला, उजवा. "गार हाय," एवढंच म्हणाले.

रिक्षात मग आपणहून बोलले. "बेकरी बंद झाली, त्या दिशी मी व्हतो पाळीला. शेठ म्हणला पाणी मारून टाक. मी न्हाई मारलं. इतक्या वर्साची भट्टी. बसून राहिलो समोर. आपसूक गार हुईपर्यंत."

आईला तरी सांगितलं होतं का हे? मी तेव्हा कॉलेजात. घरी पाव येणं बंद झालं, एवढंच मला माहीत.

१२ डिसें., शुक्र.

चेंडू दिवाणाखाली गेलाय. "ल्हान पोरावानी काय दाबत बसू?" त्याऐवजी परात घेऊन खाली बसतात आणि ब्रेडचं पीठ मळतात. दुखतं. ओठ आवळलेले दिसतात. मी मदतीला वाकले तर परात तिकडे सरकवली.

आज अंगठा चारही बोटांना टेकला. मला बोलावून दाखवलं.

१३ डिसें., शनि.

"उद्या जातो म्हणतो. हात सुधारला. आता राहायाला कारण न्हाई."

वि. म्हणाला, अप्पा, कारण कशाला लागतं?

"लेकीच्या घरी लागतं, जावईबापू."

पिशवी भरून दाराशी ठेवली. मी थांबा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर हट्टाने आजच निघाले असते. तळेगावच्या घराला कुलूप... या हाताने पाणी कसं भरणार... हे सगळं मनातल्या मनात बोलून झालं.

१४ डिसें., रवि.

उठले तेव्हा अप्पा आंघोळ करून, टोपी घालून, ओट्यापाशी. परातीत पीठ मळून ठेवलेलं, वर ओलं फडकं. स्वतःच्या अंदाजाने केलंय. बरणीतलं निम्मं घातलंय.

"हे कवा फुगायचं?"

म्हटलं, थंडी आहे. संध्याकाळ होईल. भाजायला उद्या सकाळ उजाडेल बहुतेक.

"एवढा येळ?"

हो.

वि. किल्ली घेऊन आला. "अप्पा, निघायचं ना?" अप्पांनी फडकं वर करून पाहिलं, परत झाकलं, कडा दाबल्या.

"जावईबापू, तुमाला आज दुसरं काम हाय का?"

"नाही."

"मग च्या घेऊ आधी."

चहा झाला. मग दुसरा. आता पेपर वाचतायत, टोपी अजून डोक्यावरच. पिशवी दारातच आहे. वि. ने खुणेने विचारलं, आत ठेवू का. मी मानेनेच नको म्हटलं.